पोटहिस्सा

आमच्या गल्लीत अक्षर आलं ते पत्र्यावर रंगवून.
शिडीवर म्युनसिपालटीचा माणूस,
शिडी धरून गैबी शिकलगार,
आणि हाताची राख झटकत आलेली आक्काबाई कुंभार.
"ह्ये काय काढलंय?"
"डी. आजपासनं तुमचा डी वॉर्ड."
तिनं मान कलती करून बघितलं.
"बाई हाय. पोटुशी. बाजूनं उभी ऱ्हायलीया."
आणि भट्टी बघायला आत गेली.

हे ऐकीव. माझ्या डोळ्यांदेखतचं एवढंच :
बत्तीस वर्षं घरफाळ्याची बिलं वाटली,
तेवढ्यात ६१४ चं ६१४ अ झालं, मग ब,
मग भावाभावांत भिंत,
भिंतीत दार, दारात पुन्हा विटा,
६१४ ब, पोटहिस्सा तीन.
बिलावर जागा पुरेना.
मी आकडे बारीक काढायला शिकलो.

नेजदारांच्या तर घरातनंच हद्द गेलेली.
चूल सी वॉर्डात, न्हाणी डी वॉर्डात,
बिलं दोन.
म्हातारा दर मार्चला न चुकता विचारायचा,
"आंघोळ करून जेवायला बसलो, साहेब,
तर मधी जकात पडंल का?"

नदीला काही वॉर्ड वाचता येत नाही.
पाच साली ती आमच्या हापिसाच्या पायरीपर्यंत आली,
एकोणीस साली
कपाटाच्या चौथ्या फळीपर्यंत,
जिथं मी आकारणीची रजिस्टरं ठेवली होती,
हुशारी करून.

गणपा परटानं ती पानं
एकेक करून इस्त्रीनं वाळवली.
पैसे घेतले नाहीत.
फक्त आपल्या आज्याचं पान मागून घेतलं.
नावावर शाई फुटलेली,
निळा डाग, शेजारच्या घरापर्यंत गेलेला.
"असू दे," म्हणाला,
"म्हातारा असाच होता. शेजारी जाऊन बसायचा."

आता प्रभाग आलेत.
दर निवडणुकीला नवा नंबर, नवी रेघ,
समोरच्या बाजूचा मतदार पाठीमागच्या गल्लीत.
मला तो नंबर पाठ होत नाही, पोस्टमनलाही नाही.
लग्नपत्रिकेवर लोक अजून डी वॉर्डच छापतात,
आणि आहेर बरोबर पोचतो.

कुंभारांच्या दारावरचा पत्रा अजून आहे.
पावसानं खाल्लाय.
परवा बिल नसताना उगीच गेलो, वर बघितलं.
उभी रेघ गंजून गेलीय,
उरलंय नुसतं पोट.