काळोखाचे सव्वीस हजार

माझ्या टेबलावर आत्ता दोन टीव्ही पालथे आहेत.
एकाचं नाव घेताना लोक आवाज जरा खाली आणतात.
दुसऱ्याचं नाव गिऱ्हाइकालाही आठवत नाही,
"तो, जत्रेच्या वेळी घेतलेला" म्हणतात.
झाकण काढलं की दोघांच्या आत सारखंच:
हिरवट बुरा, मुंग्यांचं घर, एखादी वाळलेली पाल,
आणि जिभेला लागेल असं मीठ.
खारा वारा लेबल वाचत नाही.
मिठबावच्या तिठ्यावर एकोणीस वर्षं हेच सांगत आलोय,
स्वस्तातला घ्या, उरल्या पैशांत स्टॅबिलायझर घ्या,
पावसाळ्यात वरून जुनी साडी घाला.

म्हणून तर द्वारकाकाकी मेथर मला कणकवलीला घेऊन गेली.
रिक्षाचं भाडं तिचं, चहा तिचा,
पिशवीतल्या नोटांना सुक्या बांगड्याचा वास.
सोबत जनू तांडेल,
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, हिरवी पट्टी नुकती सुटलेली.
शोरूमच्या काचेवर तळवा टेकून म्हणाला,
"पाणी नितळ असा."

भिंतीवर शेजारी शेजारी दोन पडदे, एकाच मापाचे,
मध्ये सव्वीस हजार.
दोन्हींत तोच पोपट उडत होता,
तेच कलिंगड कापलं जात होतं.
विकणारा पोरगा कोट्यवधी रंगांचं पाठ केलेलं बोलत होता.
काकी म्हणाली, "पोपट हय पण हिरवो, थय पण हिरवो.
सव्वीस हजार कसले?"
मी तिच्या बाजूने मान हलवली.
त्यासाठीच तर मला आणलं होतं.

तेवढ्यात कलिंगड संपलं.
पुढचं चित्र येण्याआधी
क्षणभर दोन्ही पडदे काळे झाले.
तांडेल पुढे सरकला.
"परत दाखव," म्हणाला. "कलिंगड नुको. ता मदला."
पोराला कळेना. मलाही उशिराच कळलं.
तिसऱ्या फेरीला त्याने महागड्यावर बोट ठेवलं:
"हो काळोख खरो."
मग शेजारच्यावर: "हो नाय. ही राख."

चाळीस वर्षं तो अमावास्येला होडी काढत होता,
कंदील विझवून, वीस वाव पाण्यावर,
कारण तारलीचा थवा काळोखातच दिसतो,
पाण्याच्या पोटात उजेड कूस बदलल्यासारखा.
जरा राखेरी रात्र असली की जाळं रिकामं.
माझ्याकडे मल्टिमीटर आहे.
त्यात काळोख मोजायचा काटा नाही.

काकी उसळली, "काळोखाक सव्वीस हजार?
लाइट जाता तेव्हा घरात फुकट गावता!"
सगळं शोरूम हसलं. तांडेलही हसला,
पण डोळा तिथेच.
मग तिने पिशवी उघडली.
नोटा मोजताना तीनदा चुकली,
बाजारात कधी चुकत नाही ती.
भिंतीला लावायची पट्टी मात्र फुकटच घेतली.

पुढच्या वर्षीच्या नवरात्रात फोन आला.
झाकण काढलं. तेच मीठ, तोच बुरा.
कंपनीचा माणूस सांगून गेला होता, पडदाच बदला,
खर्च त्या शेजारच्या टीव्हीच्या किमतीएवढा.
काकीने विळीवरून मान न उचलता विचारलं,
"मेल्या, तेव्हा तू कित्या नाय बोललंस?"
मी खोडरबराने पट्टीचे पितळी दात घासत राहिलो,
शाळेतल्या पोरांचं, दोन रुपयांचं,
कुठलंच नाव नसलेलं खोडरबर.
पुन्हा जोडलं. आवाज आला.
बातम्या सांगणारी बाई बोलत होती,
दिसत नव्हती. पडदा पुरता काळा.

म्हटलं, अजून एकदा उघडून बघतो.
तांडेल खाटेवर उठून बसला होता.
"आवाज बंद कर," म्हणाला,
"आणि रवांदे वायच तसोच."

दीडशे रुपये घेतले मी.
घ्यायला नको होते. घेतले.