टाळू

मुजावर सर सांगायचे, शिरवळला,
हाडांच्या खोलीत, फॉर्मलिननं डोळे चुरचुरत असताना:
"तोंडात उजेड नसतो. बोटानं वाचा."

म्हणून डोळे मिटून शिकले.
कुत्र्याच्या टाळूला नऊ-दहा वळ्या,
घोड्याच्या सतरा-अठरा, काठ गुळगुळीत,
डुकराच्या मोजता मोजता जेवणाची सुट्टी व्हायची.
गाईला वर पुढचे दात नाहीतच, नुसती चिवट गादी,
तिच्यामागं वळ्या, खवणीसारख्या दातेरी,
सगळे दाते घशाकडं कललेले:
गेलेला घास माघारी येऊ नये.
शेवटचा तिसरा हिस्सा सपाट.

काल दिघंचीच्या पुढं, माळावर,
मायाक्का हुबालेंच्या गोठ्यात
चार तासांची खिलार पाडी
आचळ धरायची, ओढायची,
आणि चीक नाकपुड्यांतून खाली.
"सर्दी असंल," मायाक्का म्हणाल्या,
मला नव्हे.

दोन बोटं आत घातली.
पहिली वळी. दुसरी. तिसरी.
पाचवीनंतर छप्पर संपलं.
बोटाला थेट श्वास लागला.

पोटात असताना कधीतरी
दोन्ही कडांनी आडवं व्हायचं असतं,
जिभेनं खाली सरकून वाट द्यायची असते,
आणि मधल्या रेघेवर भेट.
ठरलेली असते ती.
कुणीतरी आलं नाही.

मी म्हटलं, "टाळू उघडी राहिलीय हिची."
मायाक्का उठल्या, घरात गेल्या,
वाटीत कोमट तेल घेऊन आल्या
आणि पाडीच्या दोन कानांच्या मधे
तळहातानं गोल गोल जिरवू लागल्या.
"माझ्या तिन्ही पोरांची भरली की," म्हणाल्या,
"हिची बी भरंल."

तोंड उघडलं होतं मी.
ती नव्हे मायाक्का, आतली. वरची नव्हे, आतली.
पण शब्द तर एकच आहे,
आणि तो मीच वापरला होता.

नळीनं चीक पाजला. उद्याचं उद्या.
मायाक्का "च्च, च्च" करत होत्या,
पाडीचे कान त्या आवाजाकडं वळत होते.

आटपाडीपर्यंत गाडीवर
माझी जीभ आपसूक वर जात राहिली.
तीन. चार.
मग गुळगुळीत.
पुन्हा पहिल्यापासून.