अकरावी कुपी

गाजराचा रस एकशेऐंशी अंशांवर
सहा तास कोंडला
की तळाशी उरतं तपकिरी पाणी.
जांभळ्या दिव्याखाली धरलं तर निळं होतं,
गॅसच्या बारीक आचेसारखं.
त्यात कण आहेत,
केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग.
मॅडम कन्नडात सांगतात,
मी वहीत मराठीत उतरते,
आकडे तेवढे तसेच.

मग कणांवर काळपट पत्रे पांघरायचे.
उजेड जातो.
मग एक थेंब रक्त.
रक्तातलं विकर जागं असेल
तर दिलेलं खाद्य तोडतं,
तुटलेले तुकडे पत्रा कुरतडतात
आणि निळं वर येतं.
कशानं ते बसलं असेल, तर नाही येत.

गाजरं कडोलीची होती. तीनदा धुतलेली.
जोमा हुंद्रेही कडोलीचा.
पाठीवर पंप, दुसऱ्यांचे वाफे,
कोबी, मिरची, गाजर,
टाकीमागे चाळीस रुपये.
आला, बाही स्वतःच वर केली.
"हात कापतोय बाई, खरं दारू न्हवं.
दवाखान्यात दारूच लिवलंय.
बायको बी तेच म्हणती.
सोडून चार वर्सं झाली,
कोण ऐकतंय?"

दहा कुप्या पेटल्या,
कुठली मंद, कुठली लख्ख.
अकरावी बसून राहिली.
पुन्हा केलं, थेंब मोजून, घड्याळ लावून.
तिसऱ्यांदा खिडकीला काळा कागद चिकटवून.
दुसऱ्या गेटावर मालगाडी खोळंबली होती,
टिळकवाडीभर हॉर्न.
तक्त्यात लिहायचा शब्द: क्षीण.

तो टेबलापाशी उभा.
"ही कुणाची?"
माझी. तुलनेला दर वेळी
माझंच रक्त ठेवते मी.
"तुझं पेटलंय की."

म्हटलं, हे अजून प्रयोगातच आहे,
यावर औषध ठरत नाही.
चिठ्ठी देते, सिव्हिलला दाखव,
महिनाभर पंप खाली ठेव.
महिना ऐकून तो हसला.
"फोटो काढून दे. घरात दाखवतो."

काढला.
नुसतं काळं आलं,
अंधारात अंधाराची बाटली,
कुणाला काय कळणार त्यातून.
मग माझी कुपी सरकवली शेजारी,
काच काचेला लागली,
आणि दुसरा काढला.