वासरू की अंगठी

बाबा तार कानांनी वाचायचे.
कट्ट कड कट्ट, आणि पेन्सिल आपोआप चालायची :
गव्हाचे भाव, उशिरा सुटलेली मालगाडी,
कुणाची तरी मावशी विनिपेगहून गुरुवारी येतेय.
त्या दिवशी पेन्सिल मध्येच थांबली.
यंत्र थांबलं नाही.

मी चौदाची. सायकल माझी, म्हणून तारा माझ्या.
सगळ्या गावाला माझी चाल कळायची.
पायडल मारत आले तर बारसं, पगार, सुखरूप पोचलो.
सायकल हातात धरून चालत आले
तर बायका खिडकीतून मागे सरायच्या,
आणि मी त्यांचं दार ओलांडून पुढे गेले
की पुन्हा पीठ मळण्याचा आवाज यायचा,
आधीपेक्षा जोरात.

पारास्का ह्नात्युकचं शेत सगळ्यात शेवटी,
रूळ ओलांडून, धान्याच्या लाल कोठारापासून चार मैल.
त्यातले साडेतीन मी सायकलवर बसून गेले.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही.
साडेतीन मैल कधी एकदा संपतात असं झालं होतं,
आणि उरलेला अर्धा
संपूच नये असं.

ती पायरीवर बसून बीट सोलत होती,
हात मनगटापर्यंत लाल.
बोटं एप्रनला पुसली, लिफाफा घेतला, उलटा धरला,
परत दिला. इंग्रजी अक्षरं म्हणजे तिला मुंग्या.
वाच, म्हणाली.

मी वाचलं. तिचा ओरेस्त, सार्जंट,
विमानाच्या शेपटीत बसणारा मशीनगनवाला.
'कळवण्यास अत्यंत खेद होतो' हे तिने जाऊ दिलं.
खेद कुणाला होतो, विचारलं नाही.
मी अडखळले त्या एका शब्दावर मात्र तिने बोट ठेवलं.
कागदावर लाल ठसा.
हे काय?

बेपत्ता.
लिफाफ्यावर पत्ता पुरा होता,
सेक्शन, टाउनशिप, रेंज, सगळे आकडे जिथल्या तिथे.
तिचं घर सरकारला बिनचूक सापडलं होतं.
माझं युक्रेनियन शाळेच्या मधल्या सुट्टीतलं :
दोन शिव्या, थोडा खाऊ, चल, थांब, हरवलं.
म्हटलं, हरवलाय.

तिने जरा विचार केला.
वासरू हरवतं तसा?
की अंगठी हरवते तसा?

अंगठी विहिरीत पडते, तिला तोंड नसतं.
वासरू हंबरतं. त्याला पाय असतात, वास आठवतो.
वासरू, मी म्हणाले.
तारेत नव्हतं ते. पदरचं घातलं मी.

त्या रात्री तिने फाटकाच्या खांबाला कंदील टांगला,
चुकलेल्या जनावरासाठी टांगतात तसा.
पुढे रोज. बर्फ खांबाच्या अर्ध्यावर आलं तरी.
रात्रीच्या गाडीचा फायरमन बाबांना विचारायचा,
त्या शेतावर आजारी कोण आहे हो?
बाबा माझ्याकडे बघायचे.
मी शाई सांडल्यासारखं करायचे.

मार्चमध्ये दुसरी तार आली.
रस्त्यावर गुडघाभर चिखल, सायकल चालण्यासारखी नव्हतीच.
चार मैल पायी गेले,
म्हणजे चाल बघून कुणाला काही कळायला नको.
पारास्काने मी टकटक करायच्या आधीच दार उघडलं.

मी वाचलं. सहा महिने, कोणतीही खबर नाही, सबब
मृत समजण्यात येत आहे.

कोण समजतंय?

मी कागद खालपर्यंत पाहिला.
नाव होतं. हुद्दा होता. ओटावा होतं.
ते तिला वाचून दाखवलं.
त्याला म्हणावं, ती म्हणाली, तू समज.

मग बादलीतून सहा अंडी काढली,
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलं,
तुझ्या बापाला दे, म्हणाली,
हे असलं सगळं पहिल्यांदा त्यालाच ऐकावं लागतं.

मी फाटकापर्यंत आले.
अंडी पोटाशी धरलेली, बूट जड.
मागे वळून पाहिलं तर ती कंदिलाची काच काढून
चुलीतल्या राखेने घासत होती,
फुंकर मारून, उजेडाकडे धरून,
पुन्हा घासत होती.
दुपारचे दोन वाजले होते.