गाळलेलं पाणी

दोन गोळ्या. शंभर-शंभरच्या. एकदम.
पेलाभर पाण्याबरोबर, बसून,
आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही,
नाहीतर छातीत अडकून जाळते,
मिरजेच्या नदाफबाई सांगत होत्या
आणि मी बाकाखाली चपला जुळवत होतो.
दुधाबरोबर नको. उन्हात फार फिरू नका.
आणि झाल्यापासून बहात्तर तासांच्या आत.

म्हणजे रविवारी रात्री
मणेराजुरीला, सर्जेरावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये,
हिरव्या जाळीखाली,
तर बुधवारी रात्रीपर्यंत.
हिशेब मला येतो. अडतीत चौदा वर्षं कारकून आहे.

गेल्या वर्षी गरमी झाली होती.
आमच्याकडे अजून तोच शब्द,
मे महिन्यालाही तोच.
दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन,
आत शिरताना दह्यासारखं अडखळणारं.
समडोळीपर्यंत गाडी उभ्याने चालवली.
आईला म्हणालो, मूळव्याध.
शेजारीण म्हणाली, सुरण घाला की त्याला.
आई म्हणाली, कंदमूळ आमच्यात चालत नाही,
आणि महिनाभर ताक पाजलं.

गोळ्यांचं सांगितलं तेव्हा सर्जेराव हसला नाही.
म्हणाला, छाटणीनंतर पाऊस झाला
तर आम्ही पानावर डाग दिसायची वाट बघतो का?
रात्री दोनला ट्रॅक्टर काढतो.
पाऊस काय आपल्या हातात आहे, सुकुमार?
मग थोड्या वेळाने, काडी चावत:
पण तेच तेच औषध मारत राहिलं
तर डावणी भीक घालत नाही त्याला.
ते पण विचार तुझ्या बाईला.

विचारलं.
बरोबर आहे त्यांचं, नदाफबाई म्हणाल्या,
म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं.
म्हणून गोळी खिशात आहे तर कंडोम घरी, असं नाही.
त्यांचं, म्हणाल्या. आदरार्थी.
मी तो एकच शब्द
आयर्विन पुलापर्यंत हेल्मेटमध्ये घोळवत आलो.

अडचण वेगळीच होती. पाण्याची.
दिवसा अडतीत सगळ्यांचे डबे एकत्र,
पाकीट दिसलं की चार जण विचारणार.
आणि घरी दिवस मावळल्यावर थेंब नाही.
आई, बत्तीस वर्षं.
मी, तिच्यासमोर.

त्यात ती पाणी गाळते.
हंड्याच्या तोंडावर दुहेरी पांढरं फडकं,
आणि फडक्यात जे काहीच दिसत नाही
ते उलटं धरून, हळूच,
विहिरीत परत सोडते.
न दिसणाऱ्यालाही जीव असतो,
हे मला अक्षरं यायच्या आधी आलं.

म्हणून निघता निघता विचारलं होतं,
ही गोळी त्या जंतूंना मारते का?
नदाफबाईंनी फायलीतून मान वर केली.
मारत नाही तशी. वाढू देत नाही.
काय समजल्या कोण जाणे, पुढे म्हणाल्या,
बाकीचं शरीर बघतं.

बाकीचं शरीर बघतं.
महाराजांपुढे बसून विचारावा
असा हा प्रश्न नाही.

मंगळवारी रात्री साडेदहाला
अंधारातच स्वयंपाकघरात गेलो.
पाकीट कुरकुरलं.
चुलीजवळच्या चटईवर माळ थांबली.
पाणी कशाला, तिने विचारलं नाही.
म्हणाली, कोनाड्यातला तांब्या घे.
दिवस असतानाच गाळून ठेवलाय.

कधीपासून ठेवतेस?

तू उभ्याने गाडी चालवत आलास
तेव्हापासून.

मी बसून प्यालो. सगळा.
अर्धा तास आडवं व्हायचं नव्हतं.
तीही बसून राहिली.
मग लांब मळ्यात कुणाची तरी मोटर सुरू झाली
आणि आई म्हणाली,
लाईट आली वाटतं.