स्क्रू असलेली पेटी

ॲपवाल्यांची मेल आली मंगळवारी,
मी भात्याला कातडं चिकटवत होते.
आमचा प्रवास इथे थांबतोय,
एकतीस मार्चपर्यंत आपला डेटा काढून घ्यावा.
खाली हात जोडल्याचं चित्र.

रास्ता पेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात
नऊ वर्षं पेट्यांची दुखणी लिहून ठेवलीत मी त्यात:
ताम्हनकर, बिबवेवाडी. मंद्र पंचम पावसाळ्यात उतरतो.
वाघमारे, येरवडा, भजनी मंडळाची. पट्ट्यांखाली बुक्का.
मोघेबाई. काही बिघडलेलं नाही, बोलायला येतात.
दर महिन्याला सूर तपासून देणे.

रविवारी भाचा आला, निषाद, हिंजवडीहून,
सोबत तक्ता: सहा ॲपं, अकरा रकाने,
हिरव्या खुणा, लाल फुल्या.
हे दिसायला देखणं. हे आपोआप दुवे जोडतं.
यात तू नुसतं बोल, ते लिहून घेतं.
आणि हे फुकट आहे. सध्या.
सध्या तो जरा हळू म्हणाला.

मी कपाटातून सीडी काढली, दोन हजार दोनची.
मामंजींच्या चाळीस वर्षांच्या वह्या,
जंगली महाराज रस्त्यावर टंकून घेतलेल्या.
शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून सीडीचा खण आहे.
फाइल उघडली.
कंस, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं,
आणि मधेच एक वेलांटी, एकटी,
कुणाच्या डोक्यावर बसायचं ते न कळून.
तो फाँट विकणारे कधीच दुकान गुंडाळून गेलेत.
आणि वह्या?
वह्या आम्हीच घातल्या रद्दीत,
आता सगळं कॉम्प्युटरवर आहे म्हणून.
किलोला चार रुपये.

निषाद बराच वेळ त्या वेलांटीकडे बघत राहिला.

मग मी त्याला दोन पेट्या दाखवल्या.
ही ऑनलाइन मागवलेली, आरशासारखी, डिंकानं बंद.
एक सूर गेला की अख्खी गेली.
ही दुसरी माझ्याहून म्हातारी. चार स्क्रू.
कुणीही उघडावी,
मला न ओळखणाऱ्यानंही, मी नसताना.

त्यानं तक्ता पुसला. एकच रकाना ठेवला:
स्क्रू आहेत का?
म्हणजे नेट नसताना उघडतं का.
पैसे थांबवले तर माझं मला वाचू देतं का.
बाहेर पडताना काना-मात्रा सोबत येतात का.

पाच गळाली.
उरलं ते दिसायला तहसील कचेरीसारखं,
साध्या फायली, एक फोल्डर, नावात तारीख.
यात तर काहीच नाही गं, मावशी.
मी म्हटलं, पेटीत तरी काय असतं?
हवाच असते.

सगळं हलवायला तीन संध्याकाळी गेल्या.
दोनेकशे फोटो आलेच नाहीत,
त्यात मामंजींचे हात होते, कानस धरलेले.
ते मी फक्त तिथंच ठेवले होते.

बुधवारी मोघेबाई आल्या, लक्ष्मी रस्ता बंद म्हणून चालत.
माझं गेलं नाही ना गं, त्यांनी विचारलं.
मी नवी फाइल उघडली, तारीख घातली:
मोघेबाई. सूर ठीक.
चहा बिनसाखरेचा.
डावा गुडघा विचारणे, पुढच्या वेळी.