गाडीखालचा पुठ्ठा

पार्किंगच्या फरशीवर डाग पडतो म्हणून
गायधनी काकांनी सोसायटीच्या वहीत
माझं नाव दोनदा लिहिलं.
मी गाडीखाली पुठ्ठा सरकवला,
पिंपळगावच्या द्राक्षांच्या खोक्याचा.
मग रोज सकाळी, दूध घ्यायच्या आधी,
तो पुठ्ठा वाचायचो.
'निर्यातीसाठी'मधल्या 'ती'वर एक थेंब.
कधी दोन.

गाडी सीडी हंड्रेड, एक्याण्णवची, वडिलांची.
थेंब लटकायचा ड्रेन बोल्टला
म्हणून दोष ड्रेन बोल्टचा,
आणि बोल्टचा म्हणजे रियाझचा,
भद्रकालीत ज्याच्याकडे
मी तेवीस वर्षं ऑइल बदलतोय.
त्यानं वॉशर बदलला. पुन्हा बदलला. तांब्याचा घातला.
मी सातपूरला कॅन्टीनमध्ये सांगत सुटलो:
रियाझचा हात आता राहिला नाही.

हेमांगी अंबडला कास्टिंग तपासते.
भाकरी मोडता मोडता म्हणाली,
आमच्याकडे तडा डोळ्यांनी शोधत नाहीत.
लाल रंग लावायचा, पुसून टाकायचा,
वर पांढरी पूड उडवायची
आणि गप्प बसायचं.
तडा आपणहून लाल होतो.
"थेंब पडतो तिथं काही नसतं अरे,
तिथं तो फक्त दमतो."

रविवारी अर्धा लिटर डिझेल, जुना टूथब्रश.
फिन्सच्या फटींतून
गेल्या कुंभमेळ्याची धूळसुद्धा निघाली असेल.
कोरडं केलं, फुंकलं,
आणि लेकीच्या पावडरचा डबा
इंजिनावर उपडा केला.
गाडी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी.
त्र्यंबक रोडनं अंजनेरी फाट्यापर्यंत,
पन्नासच्या वर नाही,
वाटेत चहासुद्धा नाही.
परत येऊन गुडघे टेकले,
मोबाइलचा उजेड धरला.

ड्रेन बोल्ट पांढराशुभ्र.
ओलं होतं ते वर, पुढे,
क्लच कव्हरच्या ओठाशी, तांदळाएवढं.
तिथून निघालेला एक ओघळ
वाऱ्यानं मागे ढकललेला,
इंजिनाच्या पोटाला धरून बोल्टकडे निघालेला,
अजून न पोचलेला.

बोल्ट सोडले. कव्हर सुटलं तेव्हा
करपलेला, गोडसर वास आला.
सिलिकॉनचे थर नखानं काढले:
राखाडी, त्याखाली लाल, त्याखाली काळं काहीतरी.
आणि मग धातूवर ती खाच.
पेचकस घुसवून उचकटल्याची, तिरकी.

मी ओळखली.

आयटीआयचं पहिलं वर्ष.
वडील नाशिकरोडला, प्रेसमध्ये, रात्रपाळीला.
क्लच प्लेटा आपणच बदलू म्हणून बसलो,
कव्हर चिकटलेलं,
आणि घरात एकच पेचकस, मिक्सरचा.
खाचेत कपड्याचा साबण चोळून बंद केलं होतं.
सकाळी त्यांनी विचारलं, गाडी कुणी उघडली?
कुणी नाही, म्हणालो.

हेमांगीनं विचारलं, काय दिसलं?
जुनं काहीतरी, म्हणालो.

रियाझकडे कव्हर पिशवीत नेलं.
त्यानं खाचेवरून अंगठा फिरवला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि पोऱ्याला दोन चहा सांगितले.
काचेवर पॉलिश पेपर अंथरून
कव्हर आठाच्या आकड्यात फिरवत राहिला
खाच जाईपर्यंत. पूर्ण गेली नाही.
मग गॅस्केटचा कागद वर ठेवून
हातोडीनं कडेकडेनं टक टक टक,
मोजमाप नाही, पेन्सिल नाही,
कागद धारेवर आपोआप कापत गेला.
भोकं जुन्या बेअरिंगच्या गोळीनं पाडली.
असा हात मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

चाळीस झाले.
मी शंभर दिले, राहू दे म्हणालो.
त्यानं साठ मोजून परत केले.
सांगायचं होतं.
मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिलो.

अकरा दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे.
तरी मी वाचतोच, सवयीनं.
गायधनी काका वाकून
फरशीवरच्या काळ्या डागाकडे बघतात.
"अजून गळतंय ना रे?"
जुनं आहे ते, काका.